प्रदर्शन कशाचं बनलंय?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



जळगावच्या उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला घराबाहेर पडून चित्रांवरचं व्याख्यान ऐकायला येणाऱ्या गावाला मी आधी नमस्कार करतो. पंख्याखालच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरल्या आहेत, त्यावरून श्रोते जाणकार आहेत हेही कळलं. (हशा)

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय, ‘विद्यापीठांतली कलाप्रदर्शनं : सामाजिक न्याय आणि पर्यावरण’. विषय मोठा आहे. मी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. न्यायाबद्दलचं किंवा निसर्गाबद्दलचं कुठलंही प्रदर्शन बघायला गेलात, तर चित्रात काय काढलंय ते नंतर बघा. आधी विचारा, हे कशाचं बनलंय? आणि याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, कोणाच्या हातात पडले? गेली कित्येक वर्षं प्रदर्शनं बघतोय, विद्यार्थ्यांबरोबर मांडतोय, आणि दरवर्षी माझं हे मत जास्तच पक्कं होतंय.

आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या कला विभागांत हे दोन विषय अलीकडे खूप येतात. फार चांगलं झालं. वार्षिक प्रदर्शन म्हटलं की स्थिरचित्र, निसर्गचित्र, व्यक्तिचित्र आणि एका कोपऱ्यात गणपती, असा एक काळ होता. आता मुलं आटलेली नदी काढतात, गटारात उतरणारा सफाई कामगार काढतात, ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड काढतात. मला ते बघून आनंद होतो, मनापासून होतो. पण त्याच प्रदर्शनाच्या दारात काय असतं? दहा बाय आठचा फ्लेक्स. त्यावर ‘वसुंधरा वाचवा’. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड. ते कुजत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर करतं. आत गेलं की पांढरी शुभ्र अक्षरं, गरम तारेनं कापलेली, थर्माकोलची. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली, त्यांत थर्माकोलची सजावटही होती. तरी ‘निसर्ग’ हा शब्द लिहायला आपल्याला थर्माकोलच सापडतो.

आणि न्यायाचं म्हणाल, तर तो चौकटीपाशी अडतो. प्रवेशाच्या नियमांत एक ओळ असते, ‘कलाकृती फ्रेमसहच स्वीकारली जाईल’. ज्या मुलीची आई कापूस वेचायला जाते, तिनं रंग कसेबसे जमवलेले असतात. मैत्रिणीच्या ट्यूबा पिळून पिळून चित्र केलेलं असतं. आता काच, माउंट, फ्रेम. चित्राच्या साहित्याला लागले त्याहून जास्त पैसे फ्रेमला. मग ती काय करते? चित्र देत नाही. भिंतीवर शेतमजूर बाईचं चित्र लागतं, ते ज्याच्या घरी फ्रेमचे पैसे आहेत अशा मुलानं काढलेलं असतं. त्यानं काढू नये असं मी म्हणत नाही, त्यानं जरूर काढावं. पण शेतमजूर बाईच्या मुलीनं काढलेलं चित्र गादीखाली राहिलं आणि भिंतीवर सामाजिक न्याय लागला, हे मला बघवत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका प्राध्यापक मित्रांनी मला हटकलं. म्हणाले, “सर, आमची पोरं कुठून कुठून येतात, काय काय करतात, आणि तुम्ही फ्लेक्सवरून बोलणार?” ते मागच्या रांगेत बसलेत. नका, मान वळवून बघू नका, त्यांचा प्रश्न रास्त आहे. (हशा) माझं उत्तर असं, की मी पोरांबद्दल एक अक्षर वावगं बोलत नाही. फ्रेमचा नियम पोरांनी केलेला नाही. फ्लेक्सची ऑर्डर पोरांनी दिलेली नाही. नियम करणारे, बजेट मंजूर करणारे, उद्‌घाटनाला कोणाला बोलवायचं ते ठरवणारे आपण. आणि मी जे मागतोय ते नवीन नाही. आपल्या देशात नव्वद-शंभर वर्षांपूर्वी एका विद्यापीठानं ते करून दाखवलंय.

शांतिनिकेतनबद्दल तुम्हाला सांगायला नको. १९१९ मध्ये कलाभवन, १९२१ मध्ये विश्वभारती, रवींद्रनाथ, नंदलाल बोस, हे सगळं तुमचं वाचून झालेलं आहे. मला फक्त तिथल्या मातीबद्दल बोलायचंय. बीरभूमची जमीन तांबडी, जांभ्याची. पावसानं धुपून धुपून घळी पडलेल्या, तिथली माणसं त्याला ‘खोआई’ म्हणतात. अशा उजाड माळावर रवींद्रनाथांनी १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. रोपाला सजवलेल्या पालखीत बसवून वाजतगाजत आणायचं, मुलांनी पंचमहाभूतं होऊन सोबत चालायचं. उत्सवाची सजावट कलाभवनाची. म्हणजे पर्यावरण या विषयावर चित्र काढलं नाही, झाड लावलं, आणि कला त्या झाडाला पालखीतून घेऊन गेली. जवळच्याच श्रीनिकेतनात हलकर्षण म्हणजे नांगरणीचा उत्सव होई. नंदलालांनी तो तिथल्याच भिंतीवर चितारलाय.

कलाभवनाच्या आवारात तिथलेच शिक्षक रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ उभं आहे. १९३८ चं. फोटो तुम्ही पाहिला असेल. खांद्यावर कावड, कावडीच्या पाटीत मूल, बरोबर बाई, पायाशी कुत्रं, सगळे चालताहेत. माणसापेक्षा मोठ्या आकाराचं काम, उघड्यावर. रामकिंकर बांकुड्याच्या एका गरीब नाभिक कुटुंबातले. ब्राँझ ओतायला पैसे कुठून आणणार? त्यांनी सिमेंट घेतलं आणि त्या माळावरचीच जांभ्याची खडी घेतली. सळ्यांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर ते मिश्रण थापत गेले. जवळून बघा, संथाळाच्या पाठीवर ती खडी दिसते, बोटाला टोचते. ज्या जमिनीवर ही माणसं रोज मजुरीला चालत जात होती, त्या जमिनीतूनच ती उभी राहिली आहेत. त्या पुतळ्याला फ्रेम नाही, तिकीट नाही, दार नाही. कामावर जाणारा संथाळ मजूर त्याच्याजवळून जाताना स्वतःला बघू शकत होता. आता सांगा, इथे साहित्य वेगळं आणि आशय वेगळा असं करता येईल का?

याच कलाभवनात सत्तरच्या दशकापासून नंदन मेळा भरतो, डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, नंदलालांच्या जयंतीच्या तोंडावर. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वस्तू करतात, चित्रं, भांडी, कॅलेंडर, खेळणी. स्वस्तात विकतात आणि पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातो. बडोद्याच्या फाइन आर्ट्सचा मेळा त्याच्याही आधीचा, १९६१ पासूनचा. तिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांच्या मांडीला मांडी लावून खेळणी करायचे. बडोद्याचं बरंच सांगण्यासारखं आहे. १९८७ मधलं रॅडिकल गटाचं प्रदर्शन, २००७ मध्ये परीक्षेच्या मांडणीवरून झालेली एका विद्यार्थ्याची अटक. त्याला एक वेगळी संध्याकाळ लागेल, तुम्ही बोलावलंत तर येईन.

मला आज घाई आहे ती फैजपूरला पोचायची. (टाळ्या) टाळ्या वाजल्या म्हणजे यावल-रावेरची मंडळी आली आहेत.

फैजपूर काँग्रेस. डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचललेला भार, साने गुरुजींनी खानदेशभर केलेली वणवण, हे सगळं इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण या अधिवेशनाचा नेपथ्यकार, किंवा खरं म्हणजे गावकार, नंदलाल बोस होता, हे आपण मराठी माणसं विसरलो. आपल्या कलेच्या पुस्तकांत ते एका ओळीत उरकतं. मी त्याला एका ओळीत उरकणार नाही.

आधी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लखनौ अधिवेशन झालं. तिथे गांधींच्या सांगण्यावरून नंदलाल कलाभवनातल्या मुलांना घेऊन गेले आणि भारतीय कलेचं आणि कारागिरीचं प्रदर्शन मांडलं. लक्षात घ्या, विद्यापीठातले विद्यार्थी परीक्षेसाठी किंवा गुणांसाठी नव्हे, तर हजारो अनोळखी माणसांसाठी प्रदर्शन मांडताहेत. कलाभवनात तेव्हा आपला एक कोल्हापूरकडचा माणूसही होता, विनायक मासोजी. तिथेच शिकले, तिथेच शिक्षक झाले. मराठी चित्रकलेच्या इतिहासात त्यांना जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी अजून मिळालेली नाही.

लखनौनंतर गांधींनी नंदलालांना सांगितलं, फैजपूरला या आणि सगळं नगरच उभं करा. नंदलालांची अडचण साधी होती. मी चित्रकार, मांडव आणि इमारती उभारणं माझं काम नव्हे. गांधींनी ती मानली नाही. त्यांच्या अटी ऐका. बाहेरून सामान आणायचं नाही. गावात आणि आसपास जे मिळतं त्यातूनच सगळं करायचं. गावातल्याच कारागिरांचे हात लावायचे. आणि प्रदर्शन शहरातून येणाऱ्या पाहुण्यांची करमणूक करणारा तमाशा होता कामा नये, खेड्यातल्या माणसाला त्यातून काही शिकायला मिळालं पाहिजे. आजच्या भाषेत याला शाश्वतता म्हणतात, स्थानिक रोजगार म्हणतात, त्याच्यावर प्रकल्प लिहितात, अनुदान मागतात. तेव्हा ते एका चित्रकाराला सांगितलेलं काम होतं.

आणि नंदलालांनी ते केलं. बांबू, लाकूड, गवताची शाकारणी, चटया, टोपल्या, खादी. टिळकनगर नावाचं अख्खं गाव त्यातून उभं राहिलं. नेहरूंना बैलांच्या सजवलेल्या रथातून आणलं. या भागातल्या माणसाला बांबू म्हणजे काय ते सांगायला नको. तो चिरायचा कसा, त्याची कांब कशी काढायची, बांधायचा कुठे आणि वाकवायचा कुठे, हे इथल्या बुरुडाला ठाऊक होतं, नंदलालांना नव्हतं. नंदलालांना आकार ठाऊक होता, प्रमाण ठाऊक होतं. म्हणजे काय झालं? शांतिनिकेतनचा आचार्य आणि खानदेशचा कारागीर एका कामावर आले, आणि त्या कामापुरता कारागीर आचार्य झाला. अहो, सामाजिक न्याय म्हणतात तो दुसरा काय असतो? ज्याच्या हाताला आपण ‘अडाणी’ म्हणतो, त्याच्या हाताला मान आणि मजुरी मिळणं. आणि बांबूचं एक आहे, अधिवेशन संपलं की दोऱ्या सोडायच्या. तोच बांबू गोठ्याला लागतो, मांडवाला लागतो. त्याचा कचरा होत नाही.

त्या नगरात भिंतीवर ‘शेतकऱ्याचे दुःख’ अशा नावाचं चित्र टांगायची गरज नव्हती. शेतकरी स्वतः तिथे होता, त्याच्या शेतातलं आणि रानातलं सामान तिथे होतं, आणि ते सुंदर होतं. आपलं रोजचं सामान इतकं देखणं दिसू शकतं हे माणसाला कळणं, यासारखी दुसरी ताकद नाही. मी जर कलाशाखेच्या अभ्यासक्रमाचा मालक असतो, तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला पोरांना फैजपूर शिकवलं असतं. मोनेची कमळं दुसऱ्या तासाला. (टाळ्या)

फैजपूरहून पुढे हरिपुऱ्याला जायला हवं, कारण ती एकाच कामाची दोन टोकं आहेत. फेब्रुवारी १९३८, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. हरिपुरा गुजरातमधलं, पण तापीकाठचं. म्हणजे आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला. तिथे नंदलालांनी आणि कलाभवनातल्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक केले. त्यांतले ऐंशीहून अधिक स्वतः नंदलालांच्या हातचे, बाकीचे मुलांनी त्यांच्यावरून केलेले. हाताने बनवलेला कागद, मातीचे रंग. चित्रात कोण? सुतार, मोची, ढोल वाजवणारा, दळणारी बाई. नेत्यांची चित्रं नाहीत. ते लावले कुठे? दारांवर, मांडवांवर, उघड्यावर, जाता येता दिसतील असे. एकाच वर्षी, १९३८ मध्ये, कलाभवनाच्या एका शिक्षकाचं काम तापीकाठी हजारो शेतकरी बघताहेत आणि दुसऱ्या शिक्षकाचं ‘संथाल कुटुंब’ माळावर उभं राहतंय. एखाद्या विद्यापीठाच्या कला विभागाचं याहून मोठं वर्ष मला तरी ठाऊक नाही.

चिठ्ठी आलीय. ‘पंधरा मिनिटे’. अध्यक्ष महाराज, फैजपूरला जाऊन लगेच परत फिरायला सांगणं हा खानदेशी पाहुणचार नव्हे. (हशा) पण मी वेळेत बसवतो.

सोमनाथ होर यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ तरुणपणी डोळ्यांनी पाहून रेखाटलेला माणूस. पुढे कलाभवनात मुद्राचित्रण विभागाचा प्रमुख. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘जखमा’ ही चित्रमालिका केली. मातीच्या पातळ थरावर सुरीनं, तापवलेल्या हत्यारानं घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यात कागदाचा लगदा दाबून वाळवायचा. वाळला की पांढऱ्यावर पांढरं. शाई नाही, रंग नाही. कागदाला झालेली जखम दिसते आणि आपला हात आपसूक स्वतःच्या कातडीकडे जातो. दुष्काळाचं चित्र न काढता दुष्काळ कागदात उतरवणारा तो शिक्षक होता.

लगद्यावरून मी केळीवर येतो, आणि हे जळगावात सांगितलंच पाहिजे. याच पट्ट्यातल्या एका कला महाविद्यालयात मी कार्यशाळेसाठी गेलो होतो. केळीला एकदाच घड लागतो, घड उतरवला की खोड कापून बांधावर टाकतात, तुम्हाला माहीत आहे. मुलांना म्हटलं, तेच आणा. सायकलवर, दुचाकीवर, एकानं तर काकांच्या टेम्पोतून खोडं आणली. सोपटं सोलली, पाट्यावर धरून बोथट सुरीनं खरवडली. पाणी निथळतं आणि आतून धागा निघतो, ओला असताना रेशमासारखा. बारीक कापून, धुण्याचा सोडा घालून चुलीवर शिजवला, धुऊन धुऊन मोगरीनं कुटला, टपात कालवला आणि चाळणीच्या साच्यावर उचलला. पहिले कागद फाटके निघाले, जाड निघाले, पण नंतर जमले. पिवळसर तपकिरी कागद, त्यात धाग्याची नक्षी आपली आपण आलेली.

या सगळ्यात मुलांचे कपडे डागाळले. केळीचा चीक कपड्याला लागला की वाळता वाळता काळपट तपकिरी होतो आणि मग कशानं जात नाही. घरोघरी आया ओरडल्या. त्यांत एक मुलगी होती, तिचे वडील केळी कापणीच्या टोळीत. ती म्हणाली, “सर, आमच्या घरी सगळे कपडे असेच आहेत.” दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला आणि ब्रश चिकात बुडवून चित्र काढायला लागली. काढताना काही दिसत नव्हतं, पाण्यानं काढल्यासारखं. तासाभरानं चित्र उमटायला लागलं. खांद्यावर घड घेतलेला माणूस, वाकलेला, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. डाग हेच चित्र. बापाच्या सदऱ्यावर जो डाग म्हणून होता, तो तिच्या हातात रेषा झाला. माझ्या बरोबरचे शिक्षक उठून उभे राहिले.

पुढे काय झालं तेही सांगतो. ते काम एका स्पर्धात्मक प्रदर्शनाला पाठवलं. परत आलं. कारण? फ्रेम नाही. त्या संस्थेचं नाव मी घेणार नाही, नियम त्यांचा एकट्यांचा नाही. मुलांनी मग महाविद्यालयाच्या अंगणात दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ते लुगडं टांगलं. समोरून रस्ता जातो. संध्याकाळी कापणीवरून परतणारी टोळी थांबली. त्यातला एक जण आत आला, नीट बघितलं आणि म्हणाला, “ताई, घड असा धरत नाही. दांडा पुढं येतो, आणि खांद्यावर आधी चिंधी ठेवतो आम्ही.” तिनं तिथंच चीक घेतला आणि खांद्यावर चिंधी काढली. परीक्षक याहून वेगळा काय असतो? त्या प्रदर्शनाचा खर्च म्हणाल तर दोरी, चिमटे, सोडा आणि चुलीचं सरपण.

(दुसरी चिठ्ठी.) हो, हो, आवरतोच. दोन गोष्टी पळत पळत सांगतो.

पहिली जर्मनीतली. योसेफ बॉइस ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक होता. प्रवेश नाकारलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घ्यायचा हट्ट धरला म्हणून १९७२ मध्ये नोकरीवरून काढला गेला. त्यानं मित्रांबरोबर मुक्त आंतरराष्ट्रीय विद्यापीठ काढलं. १९८२ मध्ये कासेल शहरातल्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात त्यानं संग्रहालयासमोर बेसाल्टचे सात हजार खांब आणून टाकले. बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा दगड. अट अशी, की शहरात एक झाड लावलं की ढिगातला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी रोवायचा. म्हणजे ढीग किती उरलाय त्यावरून काम किती बाकी आहे ते सगळ्या गावाला रोज दिसणार. हिशोब उघड्यावर. १९८६ मध्ये बॉइस गेला, १९८७ मध्ये त्याच्या मुलानं शेवटचं झाड लावलं. आजही ती झाडं कासेलच्या रस्त्यांवर आहेत आणि दगडही. झाड वाढतं, दगड तेवढाच राहतो.

दुसरी आपल्याकडची. नवज्योत अल्ताफ, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेल्या. मुंबईहून जाऊन बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. त्या सगळ्यांनी मिळून ‘नलपार’ केले. म्हणजे हातपंपाभोवतीचा ओटा नव्यानं बांधला. घडा भरला की आधी खालच्या कट्ट्यावर ठेवायचा, मग वरच्या, मग डोक्यावर, म्हणजे बाईची कंबर मोडत नाही. सांडपाणी साचत नाही, मुरतं. आणि त्या ओट्यावर नक्षी, शिल्प. तो हातपंप बघून कोणी म्हणेल की ही कला नाही, तर त्यानं एकदा तिथून घडा उचलून बघावा.

आता माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, अहो, बांबू-चटई तर हल्ली लग्नाच्या हॉलवरही असते. हस्तकलेच्या मॉलमध्ये टोपल्या लटकतात. साहित्य गावाकडचं घेतलं की न्याय होतो का? नाही होत. म्हणूनच मी सुरुवातीला दोन प्रश्न सांगितले होते, एक नाही. टोपली कशाची आहे, आणि टोपलीचे पैसे बुरुडाला किती मिळाले. दुसरा प्रश्न विचारला नाही तर पहिला नुसती सजावट होतो. आणि जे म्हणतात की विषय महत्त्वाचा नाही का, त्यांना सांगतो, विषय फार महत्त्वाचा आहे. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेवरची जी मुद्राचित्रं केली, गळ्यात मडकं आणि मागे झाडू बांधलेली माणसं, ती विषयाशिवाय शक्यच नव्हती. पण तीही बघा, मुद्राचित्र म्हणजे एका प्लेटवरून अनेक प्रती. अपमानाची ती गोष्ट एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात कोंडली जात नाही. इथेही माध्यमानं बाजू घेतलेली आहे.

एक मिनिट, अध्यक्ष महाराज, मुख्य मागणी राहिली.

डिसेंबर २०३६ मध्ये फैजपूर अधिवेशनाला शंभर वर्षं होतील. आज जी मुलं कलेच्या पहिल्या वर्षाला आहेत, ती तेव्हा शिक्षक असतील. माझी इथल्या विद्यापीठाला, खिरोद्याच्या ललित कला भवनाला, आणि धुळे-नंदुरबारपर्यंतच्या सगळ्या कला शिक्षकांना विनंती आहे, की शताब्दीचं प्रदर्शन सभागृहात करू नका. घड उतरवलेल्या एखाद्या केळीच्या शेतात करा. फ्रेम नको, फ्लेक्स नको. आणि प्रत्येक कामाशेजारी नावाच्या पाटीवर आणखी दोन ओळी लिहा : साहित्य कुठून आणलं, मजुरी कोणाला किती दिली. चित्रकाराचं नाव मोठं आणि बुरुडाचं नाव गायब, असं नको. दोघांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत.

त्याला दहा वर्षं थांबायची गरज नाही. येत्या वार्षिक प्रदर्शनाला फ्रेमचा नियम काढून टाका, इतकं तर कुलगुरूंच्या सहीविनाही होऊ शकतं. मागच्या रांगेतले प्राध्यापक मित्र मान हलवताहेत, ती होकाराची आहे असं मी समजतो. (हशा, टाळ्या)

प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही याची मला जाणीव आहे. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी संयोजकांनी एक वही ठेवलीय. पावसाळ्यानंतर केळीच्या कागदाची कार्यशाळा घ्यायची आहे, विद्यार्थ्यांनी नावं लिहावीत, फी नाही. आणि शेतकरी मंडळींनी आपला फोन नंबर आणि घड कधी उतरवणार ती तारीख जरूर लिहावी. खोड ताजं असतानाच धागा निघतो, दोन-चार दिवस बांधावर पडलं की ते कुजायला लागतं, त्यामुळे कापणीच्या आदल्या दिवशी निरोप मिळाला तर मुलं सकाळीच टेम्पो घेऊन येतील.